ठिपका धुळीचा की आकाशातला?

१२ एप्रिल १९५० च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत ४८ इंची श्मिट दुर्बिणीला काचेची एक प्लेट लावली गेली. चौदा इंच लांब, चौदा इंच रुंद. प्लेटवर लाल प्रकाश टिपणारं इमल्शन. शटर सुमारे पन्नास मिनिटं उघडं राहिलं. प्लेट धुतली, वाळवली, इतर शेकडो प्लेटांबरोबर कपाटात गेली. सत्तर वर्षांनी बिएट्रिझ व्हियारोएल या स्वीडनमधल्या खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी जुन्या प्लेटा आजच्या आकाशाशी ताडून पाहत होते. या प्लेटच्या एका कोपऱ्यात, चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या चौकटीत, त्यांना ताऱ्यांसारखे दिसणारे नऊ ठिपके सापडले. त्याच जागेचा अर्ध्या तासापूर्वीचा फोटो आहे, त्यात हे नऊ नाहीत. सहा दिवसांनंतरचा फोटो आहे, त्यातही नाहीत. आजच्या, कितीतरी मंद तारे टिपणाऱ्या सर्वेक्षणांतही ते नाहीत.

२०२१ साली हा शोधनिबंध 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला. लेखकांमध्ये नैनितालच्या आर्यभट्ट प्रेक्षण विज्ञान शोध संस्थानातले आलोक गुप्ता हेही होते. नऊ तारे एकाच वेळी उगवून अर्ध्या-एक तासात विझत नाहीत, तसं घडवणारी कुठलीही नैसर्गिक गोष्ट ठाऊक नाही. मग उरतात दोन शक्यता. एक तर हे प्लेटवरचेच डाग आहेत. नाहीतर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कुठल्यातरी चकचकीत वस्तूंवरून सूर्याचा कवडसा क्षणभर दुर्बिणीत आला. पण माणसाचा पहिला उपग्रह, स्पुटनिक, अवकाशात गेला तो ४ ऑक्टोबर १९५७ ला. म्हणजे १९५० साली वर आपलं काहीही नव्हतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो धूळ. माझा विदर्भातल्या मानोऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. आता सगळं काम डिजिटल आहे. पण धंदा शिकलो तो कारंज्याला एका उस्तादाच्या डार्करूममध्ये. खिडकीला काळा कपडा, कोपऱ्यात लाल दिवा, तीन ट्रे, आणि हायपोचा तो आंबट वास, जो घरी जेवताना हातालाही यायचा. शाळेचे ग्रुप फोटो, लग्नं, पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत गर्दीतून काढलेले कुटुंबांचे फोटो, सगळं तिथे धुतलं जायचं. आणि प्रत्येक रोलवर ठिपके असायचे. नवरीच्या कपाळावर दोन कुंकवं दिसली तर गिऱ्हाईक फोटो परत करतं. त्यामुळे ठिपका कुठून आला हे ओळखणं हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

रोल धुताना हवेचा बुडबुडा चिकटला, की तेवढ्या जागी डेव्हलपर पोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक गोल उरतो आणि कागदावर काळा डाग उमटतो. डेव्हलपरची पूड नीट विरघळली नसली तर तिचा कण फिल्मवर बसतो आणि नेमकी तेवढी जागा जास्त काळी होते. कागदावर तो पांढरा बिंदू. एनलार्जरखाली निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला, की तोही पांढराच. पण त्याच्या कडा वेगळ्या असतात, आणि बहुतेक वेळा कणाला एखादा केसासारखा धागा असतो. उस्ताद लूप, म्हणजे छोटं भिंग, डोळ्याला लावून म्हणायचे, "हा पाण्याचा. हा धुळीचा. हा खरा हाय, याले हात लावू नको." खरा म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे होतं त्याचा.

पालोमारच्या प्लेटांचा घोळ इथेच आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आकाशाची प्लेट म्हणजे निगेटिव्ह: आभाळ पांढरं, तारे काळे. संगणकावर ज्या प्रतींची तपासणी होते त्या पुष्कळशा मूळ प्लेटांच्या नाहीत, मूळावरून काचेवर काढलेल्या नकलांच्या आहेत. निगेटिव्हची निगेटिव्ह नक्कल काढायची तर मधे एक पॉझिटिव्ह लागते. आता समजा, पहिल्या पायरीला मूळ प्लेटवर एक कण बसला होता. त्याने प्रकाश अडवला, पॉझिटिव्हवर पारदर्शक बिंदू राहिला. दुसऱ्या पायरीला त्या बिंदूतून प्रकाश आरपार गेला आणि शेवटच्या नकलेवर काळा ठिपका उमटला. काळा ठिपका म्हणजे तारा! दोन पायऱ्यांत धुळीच्या कणाचा तारा होतो. ज्याने कधी नकलेवरून नक्कल काढली आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

एडिनबर्गचे निगेल हॅम्बली आणि अॅड्रियन ब्लेअर यांनी २०२४ मध्ये हाच आक्षेप घेतला. त्यांनी त्या नऊ ठिपक्यांचा आकार मोजला. खऱ्या ताऱ्याची प्रतिमा पन्नास मिनिटांत हवेच्या थरथरीने आणि दुर्बिणीच्या बारीक हालचालीने थोडी पसरते. हे ठिपके शेजारच्या ताऱ्यांपेक्षा अधिक टोकदार आणि आटोपशीर निघाले. म्हणून हे इमल्शनमधले दोष असण्याचा संभव जास्त, असं त्यांचं म्हणणं. व्हियारोएल यांच्या बाजूचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. कवडसा सेकंदाच्या अंशभरच टिकला असेल तर त्याला पसरायला वेळच मिळाला नाही, मग तो ताऱ्यापेक्षा टोकदारच दिसणार. एकाच पुराव्यातून दोन उलट निष्कर्ष निघतात आणि दोन्ही बिनतोड वाटतात.

हे कवडशाचं प्रकरण काय आहे ते आमच्या भागातल्या माणसाला लवकर कळतं. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. पोहरादेवीच्या यात्रेत बायांच्या फेटिया-कांचळीवर शेकडो बारीक आरसे असतात. फ्लॅश मारला की सगळे आरसे चमकत नाहीत. ज्याचा कोन नेमका जुळला तोच लखकन पेटतो, बाई जराशी वळली की तो विझतो आणि दुसरा पेटतो. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, जिथे आज आपले दूरदर्शनचे आणि हवामानाचे उपग्रह आहेत, तिथे सपाट पृष्ठभागाची एखादी वस्तू गोल फिरत असेल तर असंच होईल. सतत चमकणारी वस्तू पन्नास मिनिटांत प्लेटवर रेघ ओढेल. क्षणभर चमकणारी मात्र ताऱ्यासारखा ठिपका ठेवून जाईल. ओबडधोबड दगडाकडून असा कवडसा येत नाही, त्याला आरशासारखा सपाट पृष्ठभाग लागतो. म्हणून १९५७ च्या आधीचा एक जरी कवडसा खरा ठरला, तरी गोष्ट फार मोठी आहे.

परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रेडिओ दुर्बीण येते. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये दोन ताऱ्यांकडे अँटेना लावून कान दिले, तेव्हापासून हे ऐकण्याचं काम चालू आहे. पण त्याच वर्षी रोनाल्ड ब्रेसवेल या शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला होता. ताऱ्या-ताऱ्यांतली अंतरं इतकी अफाट, की संदेशाची देवाणघेवाण शतकानुशतकं चालेल. त्यापेक्षा एखादी प्रगत संस्कृती यंत्रच पाठवून देईल; ते येऊन इथेच कुठेतरी वाट पाहत थांबेल. मग शोधायचं ते आपल्या अंगणात. चंद्र आणि पृथ्वी यांच्या ओढीचा तोल जुळतो अशा काही जागा आहेत. तिथे अशी वस्तू थांबली असेल का, हे रॉबर्ट फ्रेटास आणि फ्रान्सिस्को व्हाल्डेस यांनी १९८० च्या सुमारास दुर्बिणीने पाहिलं. काही मिळालं नाही. पण प्रश्न योग्य होता आणि तो सोडून देण्यासारखा नाही.

आज अडचण अशी की अंगणच भरून गेलं आहे. हजारो उपग्रह, त्यांहून अधिक तुकडे. मानोऱ्याच्या बाहेर रात्री उभं राहिलं तरी स्टारलिंकची माळ दिसते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइल घेऊन दुकानात येतंच. आत्ताच्या आकाशात कवडसा दिसला तर तो आपला नाही हे ठरवणं कठीण. म्हणून व्हियारोएल यांच्या मंडळींना जुन्या काचा हव्या आहेत: आकाश स्वच्छ होतं तेव्हाच्या.

२०२५ च्या ऑक्टोबरात त्यांचे आणखी दोन निबंध आले आणि वाद पेटला. १९४९ ते १९५७ मधल्या पालोमारच्या प्लेटांवर त्यांना असे एक लाखाहून अधिक ठिपके मिळाले. एका निबंधात त्यांनी सावलीची कसोटी लावली, आणि मला या सगळ्या प्रकरणात ती सर्वांत आवडते. रात्री पृथ्वीची सावली अवकाशात पडलेली असते. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तिचा गोल आपल्याला पौर्णिमेचे तीसहून जास्त चंद्र ओळीने ठेवावेत एवढा रुंद दिसेल. त्या गोलात ऊन पोचत नाही, म्हणून तिथे कवडसा येऊच शकत नाही. धुळीला मात्र सावलीशी काही देणंघेणं नाही. ती प्लेटवर कुठेही बसेल. म्हणजे ठिपके धुळीचे असतील तर सावलीत आणि सावलीबाहेर सारखेच पडायला हवेत, कवडशांचे असतील तर सावलीत कमी. त्यांच्या मोजणीत ते सावलीत ठळकपणे कमी निघाले. ही मोजणी दुसऱ्या कुणी, स्वतंत्रपणे, मूळ प्लेटांवर करून तशीच आली, तर मला धुळीचा संशय मागे घ्यावा लागेल. तोवर नाही.

दुसरा निबंध त्यांनी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे स्टीफन ब्रुएल यांच्याबरोबर लिहिला. अणुचाचणीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत असे ठिपके मिळण्याची शक्यता ४५ टक्के अधिक, असं त्यात आहे. वर्तमानपत्रांनी याच्यावर उड्या मारल्या. माझ्या डोक्यात आली ती कोडॅकची एक जुनी हकिकत. १९४५ मध्ये कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर वापरण्याआधीच काळे ठिपके येऊ लागले. कंपनीचे भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी माग काढला. फिल्मच्या पुड्यांत घालायचा पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात नदीच्या पाण्यावर तयार व्हायचा. न्यू मेक्सिकोतल्या जुलैमधल्या पहिल्या अणुस्फोटाची किरणोत्सारी धूळ हजाराहून अधिक किलोमीटर वाहत येऊन त्या पाण्यात मिसळली होती. सरकारने गुप्त ठेवलेल्या स्फोटाची खबर फिल्मने दिली! म्हणून अणुचाचणी आणि फिल्मवरचा ठिपका यांचा संबंध दिसला, की आकाशाकडे पाहण्याआधी पुठ्ठ्याकडे, पाण्याकडे, हवेकडे पाहायला हवं. लांबच्या चाचणीची धूळ एका दिवसात कॅलिफोर्नियात पोचणार नाही, हे खरं आहे. तरी ही वाट तपासून बंद केली पाहिजे; नुसती नाकारून चालणार नाही.

आपल्या विदर्भातला प्रसंग आता सांगतो, कारण आकाशातल्या वस्तूची ओळख कशी पटवतात हे त्यात सगळं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास माणसं अंगणात, ओट्यावर बसलेली. उत्तरेकडच्या आभाळात डावीकडून उजवीकडे जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. मी स्टुडिओच्या गच्चीवरून ती पाहिली. पुढे दोन-तीन मोठे गोळे, मागे बारीक तुकडे, प्रत्येकाला पिवळट शेपूट, आणि सगळे एकमेकांशी समांतर. उल्का पाहता पाहता विझते. हे मात्र सावकाश, बघणाऱ्याला घरातल्या माणसांना हाका मारून बाहेर बोलवायला वेळ मिळेल इतकं रेंगाळत गेलं. रात्रभर फोन चालू होते. कुणी म्हणे विमान पडलं, कुणी क्षेपणास्त्र, आणि पोरांचं एकमत उडत्या तबकडीवर.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरचा एक पोरगा मोबाइल घेऊन आला. "काका, हे तबकडीच हाय ना?" त्याचा व्हिडिओ मी मोठ्या पडद्यावर एकेक फ्रेम करून पाहिला. चित्र हलत होतं, पण एका बाजूला विजेचा खांब आला होता आणि त्या खांबामुळे वेग मोजता आला. खांबाच्या मागून निघालेला ठिपका किती सेकंदांत किती पुढे गेला ते दिसत होतं. सगळे तुकडे एकाच दिशेने जात होते, आणि मागचे हळूहळू मागे पडत होते. हलका तुकडा हवेत लवकर मंदावतो, जड पुढे राहतो. कुणी चालवत असलेली गोष्ट अशी फुटत फुटत जात नाही. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात. कक्षेतून खाली येणारं यंत्र सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, जवळजवळ आडवं, वातावरणात शिरतं. म्हणून ते इतका वेळ दिसत राहतं.

त्याच संध्याकाळी इथून सरळ रेषेत दोनशेवर किलोमीटर पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सणाच्या जेवणाची तयारी चालली होती. तिथे मोकळ्या जागेत धाडकन एक धातूचं कडं पडलं. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोहून अधिक. तालुक्यात पवनपार गावाजवळ धातूचा एक गोळाही सापडला. पोलिसांनी वस्तू ठाण्यात नेल्या, काही दिवसांत इस्रोचे शास्त्रज्ञ पाहायला आले. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की हा बहुधा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, तेव्हापासून फिरत राहून त्या दिवशी खाली आलेला. वेळ जुळत होती, वाट जुळत होती, आणि असे गोळे अशा रॉकेटांत दाबाखालचा वायू साठवायला असतातच. लाडबोरीत कुणाला इजा झाली नाही ही मोठी गोष्ट. तीन मीटरचं कडं पाच-पन्नास पावलं इकडे, जेवणाच्या पंगतीवर पडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही बेचैन करतो. ज्या देशांची रॉकेटं आहेत त्यांनी ती आटोक्यात ठेवून समुद्रात उतरवण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आपल्या खेड्यांच्या डोक्यावर त्यांचा कचरा पडू देणं अन्यायाचं आहे.

त्या संध्याकाळच्या वस्तूची ओळख तुलनेने सोपी होती. अवघड प्रकरणंही सुटली आहेत आणि ती कशी सुटली ते वाचून मन भरून येतं. सप्टेंबर २००२ मध्ये बिल युंग या हौशी निरीक्षकाने पृथ्वीभोवती फिरणारी एक नवी वस्तू शोधली. आधी ती लघुग्रह वाटली. मग तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशाचं पृथक्करण केलं, तेव्हा त्यात टिटॅनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाची खूण निघाली. कक्षेचा हिशोब मागे नेला, तो पोचला नोव्हेंबर १९६९ च्या अपोलो १२ मोहिमेपर्यंत! सूर्याभोवती भटकून ३३ वर्षांनी अपोलोच्या रॉकेटचा टप्पा घरी परतला होता. २०२० मध्ये असाच एक 'लघुग्रह' आला. मूळचे भारतीय असलेले विष्णू रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा प्रकाश तपासून दाखवलं, की तो १९६६ च्या सर्व्हेयर २ यानाच्या सेंटॉर रॉकेटचा टप्पा आहे, स्टेनलेस स्टीलचा. त्यांनी तुलनेसाठी त्याच जातीचं, कक्षेत असलेलं दुसरं रॉकेट शोधून त्याचाही प्रकाश मोजला. लाखो किलोमीटर लांबून नुसत्या उजेडावरून रंग आणि पत्रा ओळखता येतो. उद्या एखादी वस्तू अशी सापडली, जिचा रंग, पत्रा आणि कक्षा आपल्या कुठल्याच रॉकेटशी जुळत नाही, तर ती बातमी खरी म्हणायची.

यात आपली मुलंही आहेत. १६ ऑगस्ट २०२० ला मोटारगाडीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून फक्त २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. तो ओळखला गेला पालोमारच्याच डोंगरावरच्या, त्याच जुन्या श्मिट दुर्बिणीवर आता लावलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोंतून. आणि फोटोंतल्या रेघा तपासत त्याचा माग काढणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी कुणाल देशमुख आणि कृती शर्मा होते. ज्या दुर्बिणीने १९५० चे नऊ ठिपके दिले, तिच्याच फोटोंत सत्तर वर्षांनी पवईतली मुलं रेघा शोधत होती. अशा रेघांतल्या बहुतेक उपग्रहांच्या, काही कॅमेऱ्याच्या दोषांच्या. त्यातून खरी निवडायची. उस्ताद लूप घेऊन करायचे तेच हे काम.

पुण्यातही असं एक काम झालं होतं, जिवाणूंच्या बाबतीत. २० एप्रिल २००५ ला हैदराबादहून इस्रोचा मोठा बलून उडाला. प्रयोगाचे प्रमुख होते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे डॉ. जयंत नारळीकर. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या प्रयोगशाळांत तपासणी झाली. २००९ मध्ये जाहीर झालं, की तीन जिवाणू आजवर पृथ्वीवर न सापडलेल्या जातींचे आहेत. एकाचं नाव नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली ठेवलं. आणि त्याच निवेदनात स्पष्ट म्हटलं होतं, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं यावरून सिद्ध होत नाही. ज्या माणसाने 'प्रेषित'सारखी, परक्या जगातून आलेल्या मुलाची कादंबरी मराठीत लिहिली, त्याच्या प्रयोगाचं निवेदन असं लिहिलं गेलं. ते मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. आमच्या पिढीला आकाशाची गोडी त्यांनी मराठीतून लावली.

आपल्याकडेही जुन्या काचा आहेत, हे फार लोकांना ठाऊक नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता त्या काळात हैदराबादची निझामिया वेधशाळा पॅरिसहून आखलेल्या आकाशाच्या नकाशाच्या जागतिक कामात सामील होती आणि काचेच्या प्लेटांवर आकाश टिपत होती. कोडाईकनालला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे फोटो जमा झाले. त्यांचं डिजिटायझेशन झालं आहे. त्याच्याही आधी, २२ जानेवारी १८९८ ला, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तंबू ठोकून खग्रास ग्रहणाचे फोटो आणि वर्णपट घेतले होते. पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. १९५७ च्या आधीच्या आकाशाचा प्रत्येक फोटो आता साक्षीदार आहे. पालोमारच्या ठिपक्यांसारखे ठिपके दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या हातांनी धुतलेल्या प्लेटांवर, त्याच दिवशी, मिळाले तर धुळीचा मुद्दा संपेल. म्हणून या संस्थांना प्लेटा स्कॅन करायला आणि मूळ काचा कोरड्या, थंड खोलीत ठेवायला सरकारने पुरेसे पैसे द्यायला हवेत. इमल्शनला बुरशी धरली की ती प्लेट कुणालाही परत आणता येत नाही.

पुढचा रस्ता व्हियारोएल यांनीच आखला आहे. 'एक्झोप्रोब' या प्रकल्पात लांब-लांबच्या दोन जागांवरून एकाच क्षणी, अगदी थोड्या वेळाचे फोटो घ्यायचे. वस्तू जवळ असेल तर दोन जागांहून ती ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या ठिकाणी दिसेल, आणि त्या फरकावरून अंतर निघेल. धूळ दोन दुर्बिणींत एकाच क्षणी, हिशोबाला जुळेल अशा जागी, बसू शकत नाही. त्यातून काय निघेल ते निघो, पद्धत खणखणीत आहे. माझा आजचा कौल असा: १९५० च्या नऊ ठिपक्यांतले बहुतेक, कदाचित सगळे, काचेचे दोष असावेत. आणि तरीही हा शोध चालू राहायला हवा, पैसे देऊन, मान देऊन. कारण सावलीच्या कसोटीला पक्कं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

वाचकांना धंद्यातला माणूस म्हणून एवढं सांगतो. पुढच्या वेळी आभाळात विचित्र काही दिसलं तर झूम करू नका. झूममध्ये नुसता हलता डाग येतो. मोबाइल भिंतीला किंवा झाडाला टेकवून धरा आणि फ्रेममध्ये खांब, छपराची कड, काहीतरी स्थिर येऊ द्या. जिथे उभे होता ती जागा लक्षात ठेवा, तिथून दिवसा त्याच दिशेचा एक फोटो काढा. वस्तू जमिनीवर पडलेली आढळली तर हात लावू नका, रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्याला किंवा तहसीलला कळवा. आणि व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ फाइल खोडू नका. पाठवताना तो दाबला जातो, बारीक तपशील जातात, घेतल्याची वेळ जाते. मूळ फाइल मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर, तारखेसकट, ठेवा. तपासणाऱ्याला मूळच लागतं.